उलटा हात

श्रावणातला वारा नैर्ऋत्येकडून सुटला की आमच्या बोरिवलीच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेले डाव आणि झारे एकमेकांना लागायला लागतात. चौदावा मजला आहे. खालच्या मजल्यावरच्या बाई दर वर्षी न चुकता फोन करतात. "मॅडम, तुम्ही इंजिनिअर ना? खरं सांगा, बिल्डिंग हलतेय का?" मी खरं सांगते. हलतेय. उंच उभं राहिलेलं सगळंच हलतं, न हलता उभं राहू पाहिलं तर मोडतं. या उत्तराने त्यांचं समाधान होत नाही. लोकांना इंजिनिअरच्या तोंडून फक्त "छे छे, काही नाही हो" ऐकायचं असतं. फोन ठेवते आणि ओट्याशी उभी राहून डावांचा आवाज ऐकत राहते. मग तो श्रावण येतो. मी बोलावलं नाही तरी येतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा श्रावण. गिरण्यांचा संप विरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी चोवीस वर्षांची होते, पदवी ताजी होती आणि अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कंपनीत नोकरीला होते. कंपनी पोटासाठी पाण्याचे पंप करायची आणि हौसेसाठी पवनचक्की. हौस सरांची. सर म्हणजे कंपनीचे मालक, पण मालक म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. शर्टाच्या खिशात खडू ठेवायचे आणि सुचेल तिथे, भिंतीवर, फरशीवर, एकदा तर उभ्या रिक्षाच्या पाठीवर आकृती काढायचे. वाऱ्यावर वीज करायची आणि कोकणातल्या गावांना द्यायची, हे त्यांचं वेड होतं. पहिली चक्की आम्ही वर्सोव्याला, कोळीवाड्याच्या टोकाशी, किनाऱ्याच्या मोकळ्या जागेत उभी केली होती. पोलादी नळ्याचा चार मजली खांब, वर तीन पाती.

माझं काम कंपाचं होतं. सांगायला सोपं आहे. झोपाळ्याला ज्या लयीत तो जातो-येतो त्याच लयीत बोटभर धक्का दिला, तरी तो छताला लागतो. भलत्या लयीत दहा जणांनी ढकलला तरी जागच्या जागी धडपडतो. खांबालाही त्याची अशी एक लय असते. पातं खांबासमोरून गेलं की दर वेळी खांबाला बारीकसा धक्का बसतो. हे धक्के आणि खांबाची लय जुळता कामा नयेत, एवढंच बघायचं. मी कागदावर खांबाचे दहा तुकडे केले, प्रत्येकाला वजन दिलं, तुकड्यांमध्ये स्प्रिंगा कल्पिल्या, समीकरणं मांडली, आणि पवईच्या संस्थेतल्या संगणकावर वेळ मागून ती सोडवून आणली. उत्तर छान आलं. दोन लयी एकमेकींपासून चांगल्या लांब होत्या. मे महिन्यात खांबावर लाकडी हातोडा मारून त्याची खरी लय मोजली, तीही आकड्याशी जुळली. सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. माझ्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं: पाया अचल मानला आहे. असं वाक्य प्रत्येक अहवालात असतं. कुठेतरी काहीतरी अचल मानल्याशिवाय गणित सुरूच होत नाही.

वर्सोवा त्या दिवसांत वेगळंच दिसायचं. होड्या ओढून वर घेतलेल्या, त्यांच्यावर झावळ्यांची छपरं. मासे वाळवायच्या काठ्या रिकाम्या. म्हातारे कोळी ओट्यांवर जाळी दुरुस्त करत बसलेले. नारळी पौर्णिमा होईपर्यंत कुणालाच कसली घाई नाही. गढूळ समुद्राचा आवाज दिवसभर चालू. वाळूत टाच रोवली की खड्ड्यात पाणी भरायचं. ते मी रोज बघत होते. चपला हातात घेऊन, साडीचा काठ उचलून, त्याच पाण्यातून खांबापाशी जात होते.

बाबांबद्दल सांगायला मी नेहमी उशीर करते, इथेही केलाच.

माझे बाबा परळच्या एका गिरणीत विणखात्यात जॉबर होते. त्यांच्या ओळीतल्या सगळ्या मागांची तब्येत त्यांच्याकडे. मालवणकडचा माणूस, तिसाव्या वर्षापर्यंत कान अर्धे गेले होते, त्यामुळे यंत्राचा आवाज त्यांना उपयोगाचा नव्हता. ते हात ठेवायचे. आणि तोही उलटा. "तळहात आंधळो गो," ते मला सांगायचे. "काम करून करून तेची कातडी मरता. उलटो हात ठेवूचो. तेका सगळा कळता." बोटांच्या मागची बाजू मागाच्या चौकटीला टेकवायची, डोळे मिटायचे, आणि दोन-तीन श्वासांत सांगायचं, डावीकडचं बेअरिंग गेलंय. चाळीत कुणाचं शिवणयंत्र कुरकुरलं, कुणाचा पंखा गरगरला की बाबांना बोलावणं यायचं. आम्हा भावंडांचा तापसुद्धा ते असाच बघायचे. कपाळावर टेकलेली ती बोटांची पाठ, उजव्या अनामिकेतल्या तांब्याच्या वळ्याचा गार स्पर्श, हे आठवलं की मी अजूनही क्षणभर डोळे मिटते.

संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. घाटकोपरच्या आमच्या खोलीत ते दिवसभर बसून असायचे, आणि बसल्या बसल्या एके दिवशी उजवा हात हलायला लागला. आधी अंगठा, मग सगळा पंजा. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. बाबांनी तो लपवायची शिस्त लावून घेतली. बाहेर जाताना उजव्या हातात छत्रीची मूठ घट्ट, घरात वर्तमानपत्राची गुंडाळी. झोप लागली की हात थांबायचा. जागे झाले की पुन्हा सुरू. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. आमच्या घरात दुखण्याचं तोंडावर नाव घ्यायची पद्धत नव्हती.

त्या श्रावणात सरांना खांबापाशी रोज थांबणारा माणूस हवा होता. "पोरं नकोत," ते म्हणाले. "यंत्राची नाडी कळणारं कुणीतरी जुनं खोड पाहिजे." मी म्हटलं, माझे बाबा आहेत. हाताचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, यावर मी इतकी वर्षं स्वतःशी भांडते आहे. सर म्हणाले, घेऊन ये, भेटू तर दे.

बाबांनी सकाळी न्हाव्याकडून दाढी करून घेतली. गिरणीतला खाकी शर्ट आईने लोटीत निखारे घालून इस्त्री केला. निघताना तिने त्यांच्या तळहातावर साखर ठेवली. त्यांनी ती डाव्या हातावर घेतली. बसमध्ये ते मला प्रश्न विचारत होते. पाती किती, फिरतात किती, खांब पोकळ की भरीव, खाली काय. इतकं बोलताना मी त्यांना दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. मी जराशा ऐटीतच उत्तरं देत होते. पोरगी बापाला यंत्र समजावून सांगते आहे, याचं मला भारी कौतुक वाटत होतं.

खांबापाशी सर होते आणि आमचा फिटर वसंता होता. वारा चांगला होता, पाती फिरत होती. मी मोजणीचं यंत्र लावलं होतं. कागदाची पट्टी सरकत होती आणि तिच्यावर सुईसारखी लेखणी खांबाच्या माथ्याची हालचाल उमटवत होती. बाबांनी छत्री वाळूत रोवली. पहिल्यांदाच उजवा हात मोकळा केला. खांबाच्या बुडाशी वाकले आणि बोटांची पाठ पोलादाला टेकवली.

टिकटिक ऐकू यायला लागली. तांब्याचं वळं पोलादावर वाजत होतं. वसंताने माझ्याकडे बघितलं. सरांनी दुसरीकडे बघितलं.

बाबांचे डोळे मिटलेले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "सर, हा खालून हलतोय. वरून नाय."

"खालून कसा हलेल बाबा?" मी म्हटलं. "खाली काँक्रीट आहे. एवढा मोठा ठोकळा आहे."

"ठोकळ्याच्या खाली काय आसा?"

"वाळू."

"मगे?"

त्या एका "मगे"ने माझा पारा चढला. माझा अहवाल, माझे दहा तुकडे, मे महिन्यात जुळलेला आकडा, आणि हा चौथी शिकलेला माणूस सरांसमोर मला "मगे?" विचारतो. आता लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा लाज त्यांची वाटत होती. टिकटिक चालूच होती.

"ऐक," ते म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच. "ही टिकटिक माझी. ती नाय म्हणत मी. माझो हात घाईत हलता. ह्यो सावकाश हलता. तेच्या खाली आसा, सावकाश..."

"बाबा, तुमचाच हात हलतोय हो! खांब नाही."

मी जोरात बोलले असणार, कारण जाळी विणणाऱ्या एका म्हाताऱ्याने मान वर करून पाहिलं. बाबांनी डोळे उघडले. आधी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात काढून घेतला आणि छत्री वाळूतून उपटली. सर घाईघाईने म्हणाले, "काका, चहा घेऊ या." भले गृहस्थ होते. चहा आला, बाबांनी डाव्या हाताने घेतला, आभार मानले. नोकरीचं कुणी काही बोललं नाही. बोलायचं काही उरलंच नव्हतं.

परतीच्या बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण झाला गो," आणि हसले. मीही हसले. त्यांनी हसायला दिलं म्हणून मी हसून घेतलं. उजवा हात त्यांनी मांडीवर उघडा ठेवला होता. आता तो लपवायचं कारण नव्हतं.

बारा दिवसांनी भर दुपारी वारा वाढला आणि पायाचे दोन बोल्ट तुटले. खांब समुद्राकडे कलला, एक पातं खांबावर आपटून फुटलं. माणूस कुणी जवळ नव्हता, तेवढं नशीब. वसंता धावत कंपनीत आला, "वाट लागली यार, पुरी वाट लागली," एवढंच म्हणत पायरीवर बसला. सर आणि मी जाऊन पाहिलं. ठोकळ्याच्या एका बाजूला वाळू खचून पाणी साचलं होतं. मे महिन्यात मी कोरड्या, दगडासारख्या जमिनीवर मोजलं होतं. पावसाने वाळू भिजली, सैल झाली, ठोकळा तिच्यात डुलायला लागला. पाया डुलला की खांबाची लय मंदावते. ती मंदावत मंदावत पात्यांच्या धक्क्यांपाशी येऊन पोचली होती. त्या कोळीवाड्यात कुणालाही विचारलं असतं, पावसाळ्यात वाळूत रोवलेला खुंटा होडी धरतो का, तर पोरानेसुद्धा सांगितलं असतं. आम्ही पवईला विचारायला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या पट्ट्या काढून बसले. बाबा आले त्या दिवशीची पट्टी उलगडली. पट्टीवर काही घडलं की त्या जागी पेन्सिलने नोंद करायची मला सवय होती. अकरा चाळीसपाशी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "स्पर्श". कुणी खांबाला हात लावला तर मोजणी बिघडते, म्हणून लिहायचं. आणि त्या शब्दाच्या कितीतरी आधीपासून, वाऱ्याच्या बारीक खरखरीच्या खालून, एक लांब, संथ लाट चालली होती. पट्टीभर. मी ती वाऱ्याचे झोत समजून सोडून दिली होती. बाबांनी हात ठेवायच्या आधीपासून खांब खालून हलत होता. सावकाश.

मला रडू आलं, पण ज्या गोष्टीसाठी आलं ती आणखी वेगळी होती. दोन कंप एकात एक मिसळले तर ते वेगळे करायची विद्या मी चार वर्षं शिकले होते. घाईचा कुठला, सावकाश कुठला. घाईचा वजा करा, उरेल तो खरा. माझी पदवी म्हणजे हेच. बाबांनी ते डोळे मिटून, स्वतःच्या थरथरत्या हाताने, माझ्यासमोर करून दाखवलं होतं. आपल्या आजाराचा कंप बाजूला काढून ठेवून त्यांनी खांबाचा तेवढा मला दिला होता. सरांसमोर, वसंतासमोर, जो हात दोन वर्षं लपवला तो उघड करून दिला होता.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी त्यांना सांगितलं. शेजारी बसून, कानाशी तोंड नेऊन. "बाबा, खांबच हलत होता. तुम्ही म्हणालात तसाच. खालून."

त्यांनी ऐकलं. वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"हात पण हलतच होतो मा," ते म्हणाले. "दोनय हलत होते गो. तुझा काय चुकला नाय."

मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझी समजूत घालत होते. मी त्यांचं मन राखायला हे बोलते आहे, असंच त्यांना वाटत होतं, आणि मी पट्टी आणून दाखवली तरी ती त्यांनी लांबून पाहिली, हात लावला नाही. आठवड्याने सर स्वतः घाटकोपरला आले. आमच्या खोलीत खाटेच्या कडेवर अवघडून बसले आणि म्हणाले, काका, चुकलं आमचं, चक्की पुन्हा उभी करतोय, तुम्ही या. बाबांनी हात जोडले, एक स्थिर, एक हलता.

"नको सर. मी हाताक विचारूचा सोडलंय."

पुढे खरोखरच सोडलं. चाळीतून बोलावणी आली, ते गेले नाहीत. धाकट्या भावाला ताप आला तेव्हा म्हणाले, "आईक बघूक सांग." तो हात त्यांच्यापाशी होता, पण त्याच्यावरचा त्यांचा विश्वास मी एका वाक्यात काढून घेतला होता. गिरणीने नोकरी नेली, आजाराने जोर नेला. राहिलं होतं ते मी नेलं.

चक्की पुन्हा उभी राहिली. पाया रुंद केला, खाली दगडाची भर घातली, आणि खांबाच्या माथ्यात तेलाच्या पिंपात बुडवलेलं एक जड वजन टांगलं. खांब हलला की वजन मागे राहतं, तेल ढवळलं जातं आणि हालचाल तेलात जिरते. कंप बंद करता येत नाही, त्याला जिरायला जागा द्यावी लागते. हे मी नव्या अहवालात लिहिलं आणि लोकांनी वाखाणलं. माझं पुढचं सगळं आयुष्य त्याच अहवालावर चाललं. त्याच महिन्यात आईने कपबशी माळ्यावर टाकली आणि तिच्या माहेरचा पितळेचा जड पेला काढला. हलक्या कपातला चहा सांडायचा, जड पेल्यातला कमी सांडतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती पेला नेहमी अर्धाच भरायची आणि दोनदा द्यायची.

कधी कधी वाटतं, आईने आणि मी एकच काम केलं, पण तिने ते योग्य माणसासाठी केलं.

त्यानंतर चार वर्षांनी, पुन्हा श्रावणातच, बाबा गेले. दुपारची वेळ होती. वारा उठला होता, गॅलरीतला पत्रा वाजत होता, दोरीवरचे कपडे दोरीलाच गुंडाळले जात होते. मी सुट्टी घेऊन घरी आले होते. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, मान थोडी कललेली, नजर बाहेर लागलेली. आईने चहा ओतता ओतता लांबूनच त्यांच्या हाताकडे पाहिलं, पेला घेऊन त्यांच्यापाशी गेली आणि तिथूनच मला हाक मारली. किती दिवसांनी तिच्या आवाजात आनंद होता.

"अगो, हयसर ये, बघ. आज हात कसो गप आसा."

मी जाऊन बघितलं. उजवा हात मांडीवर होता, वळं अनामिकेत होतं. मी माझा हात उलटा केला आणि बोटांची पाठ त्यांच्या हाताला टेकवली. मग मनगटाला. मग छातीला, शर्टाच्या आत. डोळे मिटले, त्यांनी शिकवलं होतं तसं, आणि घाईचं काही लागतंय का, सावकाश काही लागतंय का, ते शोधत राहिले.

आईने त्या दिवशी पितळेचा पेला काठोकाठ भरला होता.